साठ फुटांची दाद

'बोलिंग' हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांसमोर श्रीरामपूरचा झहीर खान धावत येतो. आज मी ज्या बोलिंगबद्दल बोलणार आहे, त्यात मात्र फलंदाज नाही, यष्टी नाही आणि पंचांकडे वळून केलेलं अपीलही नाही. समोर साठ फुटांवर दहा पिना उभ्या असतात आणि हातात एक जड चेंडू असतो. आपल्याकडे मॉलमध्ये वाढदिवसाला पोरं हा खेळ खेळतात आणि घरी येऊन विसरतात. अमेरिकेत मात्र गिरणी-कारखान्यातल्या, ट्रक चालवणाऱ्या, टपालखात्यात नोकरी करणाऱ्या माणसांनी हा खेळ मोठा केला.

2022 साली मी मिसिसिपी नदीकाठच्या सेंट लुईस शहरात बहिणीच्या मुलाकडे गेलो होतो. एका संध्याकाळी तो म्हणाला, "मामू, चला, आज तुम्हाला इथला खेळ दाखवतो." तिथे आधी आपले जोडे काढून भाड्याचे घालावे लागतात. मी ते घातले, चेंडू उचलला आणि टाकला. तो निम्म्या वाटेवर बाजूच्या नालीत पडला. दुसराही पडला. शेजारच्या पट्टीवर सत्तरीचे एक गृहस्थ खेळत होते. त्यांच्या शर्टाच्या खिशावर त्यांचं नाव धाग्याने शिवलेलं होतं. ते जवळ आले आणि त्यांनी मला जमिनीवरचे बाण दाखवले. पिनांकडे बघू नका, या बाणांकडे बघा; चेंडू बाणावरून गेला की पिनांपर्यंत आपोआप पोचतो, असं त्यांनी समजावलं. तिसऱ्या चेंडूला माझ्या चार पिना पडल्या.

बोलता बोलता त्यांनी पीट वेबरचं नाव काढलं. पीट त्यांच्याच शहरातला. आदल्या वर्षी, 2021 साली, तो मुख्य व्यावसायिक स्पर्धांमधून निवृत्त झाला होता. त्याच्याबद्दल सांगताना या गृहस्थांनी आकडे सांगितले नाहीत. ते उठून उभे राहिले, रिकामा हात मागे खांद्याच्याही वर नेला आणि तो कसा खाली यायचा ते करून दाखवलं. पलीकडच्या पट्टीवरचा दुसरा एक जण हसला आणि त्यानेही तसाच हात फिरवला. खेळाडूची आठवण शरीराने सांगणारे चाहते मी पहिल्यांदाच पाहत होतो. हे असं का होतं, हे समजून घ्यायचं तर थोडा खेळ समजून घ्यावा लागेल.

पट्टीची रुंदी जेमतेम साडेतीन फूट. एक पिन पंधरा इंच उंच आणि दीड किलोहून थोडी जास्त. चेंडू जास्तीत जास्त सोळा पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोचा. डाव दहा फेऱ्यांचा. प्रत्येक फेरीत दोन संधी. पहिल्याच चेंडूत दहाही पिना पडल्या तर तो स्ट्राइक. त्याचे दहा गुण आणि वर पुढच्या दोन चेंडूंत जितक्या पिना पडतील तितके जादा. दोन चेंडूंत मिळून पडल्या तर स्पेअर. त्याला पुढच्या एका चेंडूची जोड. शेवटच्या फेरीत स्ट्राइक किंवा स्पेअर साधला तर तिसरा चेंडू टाकायला मिळतो. अशा रीतीने सलग बारा स्ट्राइक झाले की तीनशे गुण भरतात. त्यापुढे गुण नाहीत.

ऐकायला सोपं वाटतं. पण उजव्या हाताच्या खेळाडूचा उत्तम चेंडू पिनांवर सरळ आदळत नाही. तो वळत येऊन पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या मधल्या फटीत शिरतो. अचूक बसला तर चेंडू स्वतः फक्त चार पिनांना शिवतो. उरलेल्या सहा पिना एकमेकींना पाडतात. वीतभर इकडेतिकडे झालं की दोन टोकांना दोन पिना उभ्या राहतात आणि खेळाडू कपाळाला हात लावतो.

आणखी एक गोष्ट तर डोळ्यांना दिसतही नाही. लाकडी किंवा कृत्रिम पट्टीवर तेलाचा पातळ थर दिलेला असतो. तेल असतं तिथे चेंडू घसरतो, नसतं तिथे पकड घेऊन वळतो. रोजच्या खेळणाऱ्यांसाठी तेल मध्यभागी जास्त आणि कडेला कमी ठेवतात, म्हणजे थोडी चूक झाली तरी चेंडू सावरला जातो. मोठ्या स्पर्धांत ही माया नसते. यूएस ओपनमध्ये तर तेल जवळजवळ सगळीकडे सारखं पसरतात, आणि तिथे चुकीला क्षमा नाही. शिवाय प्रत्येक चेंडू थोडं तेल आपल्याबरोबर पुढे नेतो. त्यामुळे मघाशी योग्य असलेली वाट अर्ध्या तासाने चुकीची ठरते.

आता माझा मुद्दा सांगतो. क्रिकेटच्या चाहत्याला वानखेडेवर उभं राहायला मिळत नाही. बोलिंगचा चाहता मात्र त्याच साठ फुटांच्या पट्टीवर, तशाच दहा पिनांसमोर दर आठवड्याला उभा राहतो. विजेत्याच्या हातून काय घडलं, हे त्याला स्वतःच्या मनगटात कळतं. आमच्या मुशायऱ्यात असेच श्रोते असतात. स्वतः चार शेर लिहून फाडून टाकलेला माणूस दुसऱ्याच्या शेरातला काफिया येण्याआधीच ओळखतो आणि त्याचा हात वर जातो. त्याची दाद वेगळी असते. तिच्यात कौतुक असतं आणि 'हे मला जमलं नाही' ही कबुलीही असते.

आता पीट वेबरकडे वळू. त्याचे वडील डिक वेबर हे या खेळातलं मोठं आणि लाडकं नाव. ते इंडियानापोलिसला टपालखात्यात नोकरी करत होते. तिथून सेंट लुईसच्या नामवंत संघात आले. 1958 साली व्यावसायिक खेळाडूंची संघटना, म्हणजे पीबीए, स्थापन झाली तेव्हाच्या 33 संस्थापक सभासदांपैकी ते एक. 1964 साली प्रसिद्धीसाठी एका मालवाहू बोइंग विमानात पट्टी बसवली गेली आणि उडत्या विमानात डिक वेबर खेळले. हसतमुख, सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस. 1962 पासून 1997 पर्यंत एबीसी वाहिनीवर हा खेळ दिसायचा आणि तो पाहत कित्येक कुटुंबांच्या शनिवारच्या दुपारी गेल्या. त्या पडद्यावरच्या सगळ्यांत परिचित चेहऱ्यांपैकी एक डिक यांचा.

अशा बापाच्या पोटी 1962 साली पीट जन्मला. वयाच्या सतराव्या वर्षी, 1979 मध्ये, तो व्यावसायिक झाला. त्यासाठी संघटनेला वयाचा नियम शिथिल करावा लागला. 1982 मध्ये पहिलं विजेतेपद मिळालं. पण स्वभाव बापाचा नव्हता. तो चिडायचा, प्रेक्षकांवर डोळे वटारायचा, जिंकल्यावर असभ्य हावभाव करायचा. व्यसनांशीही झगडला. 2000 साली संघटनेने त्याला सहा महिन्यांसाठी निलंबित केलं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टमध्ये काम केलेल्या तिघांनी डबघाईला आलेली ही संघटना विकत घेतली आणि खेळाला दूरचित्रवाणीवर नवा रंग द्यायचं ठरवलं. कालपर्यंत ज्याला शिक्षा होत होती तो काळा चष्मा लावणारा, आरडाओरडा करणारा पीट आता जाहिरातीत शोभू लागला. चष्मा मात्र दिखाव्याचा नव्हता. कॅमेऱ्याच्या दिव्यांची तिरीप डोळ्यांवर येऊ नये म्हणून तो होता. 2004 साली आलेल्या 'अ लीग ऑफ ऑर्डिनरी जंटलमेन' या माहितीपटात हा काळ बघायला मिळतो.

यूएस ओपन ही या खेळातली सर्वांत कठीण स्पर्धा. तिच्या आणि तिच्या आधीच्या रूपात डिक वेबर आणि डॉन कार्टर या दोघांची प्रत्येकी चार विजेतेपदं होती. पीटने 1988, 1991 आणि 2004 मध्ये ती जिंकली. 2005 साली वडील गेले. 2007 मध्ये पीटने चौथ्यांदा जिंकून त्यांची बरोबरी केली. ती पाहायला वडील नव्हते.

मग आलं 2012. न्यू जर्सीतलं नॉर्थ ब्रन्सविक. पीट 49 वर्षांचा. समोर माइक फेगन हा त्याच्याहून पुष्कळ तरुण खेळाडू. फेगनचे 214 झाले होते. पीटच्या हातात शेवटचा चेंडू होता. दहाही पडल्या तर एका गुणाने विजय. नऊ पडल्या तर बरोबरी. प्रेक्षकांत बसलेला एक मुलगा सतत त्याच्या विरोधात होता आणि ते पीटला झोंबलं होतं. हात मागे उंच गेला, खाली आला, चेंडू वळला आणि दहाही पिना पडल्या. 215 विरुद्ध 214. चष्मा काढून पीट ओरडत सुटला. ओरडण्यात 'पाचवी!' हे होतं, आणि शेवटी हे होतं : "कोण समजतोस तू स्वतःला? मी आहे!"

वाक्याचा अर्थ नीट लागत नाही. इंग्रजीतही लागत नाही. जगभर लोक त्यावर हसले आणि मग ते वाक्य लाडकं झालं. मी कवी आहे. शब्द बिघडून नेमका अर्थ कसा बाहेर पडतो, याचा थोडा अनुभव मला आहे. प्रश्न त्या मुलाला होता, असं स्पष्टीकरण नंतर आलं. मला मात्र वाटतं, तेहतीस वर्षं डिकचा मुलगा म्हणून ओळखला गेलेला माणूस तो प्रश्न स्वतःलाच विचारत होता. उत्तरही त्यानेच दिलं.

हे मी जरा आतून बोलतोय. माझे अब्बा आमच्या गावात उर्दू शायर म्हणून ओळखले जायचे. मी मराठीत लिहू लागलो. माझ्या पहिल्या संग्रहाच्या कार्यक्रमात मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "वडिलांची सर नाही." अब्बांनीही ते ऐकलं. घरी येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. रात्री म्हणाले, "बेटा, सर माझीच कशाला हवी?" आज अब्बा नाहीत आणि मी पन्नाशी ओलांडली आहे. अजूनही कुणी वही पुढे करून सही मागितली तर माझा हात क्षणभर थांबतो.

पीटने 2013 मध्ये, पन्नाशीत, टुर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स जिंकली. निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर 37 विजेतेपदं होती आणि त्यांत दहा मोठ्या स्पर्धांची. सगळ्यांत जास्त विजेतेपदं मात्र वॉल्टर रे विल्यम्स ज्युनियरची, 47. म्हणजे आकड्यांत पीट पहिला नव्हता. तरी सेंट लुईसच्या त्या गृहस्थांनी पीटचाच हात करून दाखवला. मी त्यांना विचारलं, त्याच्या वागण्याचा कधी राग नाही आला? ते म्हणाले, पुष्कळदा आला. पण तो पट्टीवर खोटं कधी वागला नाही. चिडला तेही आमच्यासमोर, रडला तेही आमच्यासमोर.

निरोप घेताना चाहते खेळाडूला करंडकांबद्दल धन्यवाद देत नाहीत, हे मला तिथे उमगलं. करंडक त्याच्या घरी असतात. त्यांना हवा असतो तो एक हात, जो त्यांनी लहानपणापासून आपल्या गावातल्या पट्टीवर हजारदा फिरवून पाहिला आणि जो त्यांना कधी जमला नाही. खेळाडू थांबला तरी तो हात फिरत राहतो.

आम्ही निघालो तेव्हा माझा शेवटचा चेंडू बाकी होता. मी बाणाकडे बघितलं. सात पिना पडल्या. शेजारच्या पट्टीवरून टाळी आली. मी वळून आपल्याकडच्या सवयीने कपाळाला हात लावून आदाब केला. भाचा हसला. त्या गृहस्थांनी मात्र अगदी तसाच हात कपाळाला लावून दाखवला.