‘खुकरी’चे कप्तान

युद्धनौकेवर कप्तानाची आज्ञा सर्वांना शिरोधार्य असते. परंतु अधिकार जेवढा मोठा, तेवढे उत्तरदायित्वही मोठे. संकटसमयी आधी सहकाऱ्यांचे प्राण वाचवावयाचे व मग आपले, ही दर्यावर्दी लोकांची जुनी रीत होय.

कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांचा जन्म १५ मे १९२६ रोजी गोरखपूर येथे झाला. १९४८ मध्ये ते भारतीय नौदलात अधिकारी झाले. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानशी युद्ध जुंपले, तेव्हा अरबी समुद्रातील शत्रूची पाणबुडी शोधून तिचा नाश करण्याची कामगिरी त्यांच्या ‘खुकरी’ या नौकेवर सोपविण्यात आली. सोबत ‘किरपाण’ ही दुसरी नौका होती. हे काम जोखमीचे. कारण पाण्याखाली दडलेली पाणबुडी डोळ्यांना दिसत नाही. पाण्यात ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून तिचा माग काढावा लागतो.

९ डिसेंबर रोजी रात्री नऊच्या सुमारास, दीवजवळच्या समुद्रात ‘हंगोर’ या पाणबुडीच्या पाणतीराने ‘खुकरी’चा वेध घेतला. नौका झपाट्याने बुडू लागली. मुल्ला यांनी धीर न सोडता सहकाऱ्यांच्या सुटकेची व्यवस्था केली. स्वतःचे जीवरक्षक साधन त्यांनी एका खलाशाला देऊन टाकले. आणखी कोणास वाचविता येईल का, हे पाहण्यासाठी ते पुन्हा वर आपल्या जागी गेले आणि नौकेबरोबरच सागराच्या उदरात विलीन झाले.

त्या रात्री १८ अधिकारी व १७६ नौसैनिक कामी आले. राष्ट्राने मुल्ला यांना मरणोत्तर महावीरचक्र अर्पण केले. दीवच्या किनाऱ्यावर ‘खुकरी’चे स्मारक उभे आहे. नेत्याचा पहिला मान असतो, तो कर्तव्याचा. सुरक्षिततेचा नव्हे, हेच ते सांगते.