शिवणयंत्राच्या दुरुस्तीचा खरा खर्च

यवतमाळ जिल्हा हा कापसाचा जिल्हा. पुसद, दारव्हा, वणी, घाटंजी यांपैकी कोणत्याही गावच्या बाजारपेठेत जावे, दुकानाच्या ओट्यावर एखादा शिंपी यंत्रावर वाकलेला दिसतो आणि आतल्या गल्लीतून घरगुती यंत्राचा खडखडाट कानी येतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे या जिल्ह्याचे नाव गेली कित्येक वर्षे देशभर दुःखाने घेतले गेले आहे. मागे राहिलेल्या स्त्रीस आधार द्यावयाचा म्हटले की, देणगीदारांच्या मनात बहुधा शिवणयंत्र येते. ते देण्याचा समारंभ होतो, छायाचित्र निघते. परंतु दोन वर्षांनी तेच यंत्र टाके सोडू लागले, तर दुरुस्तीचे पैसे कोठून यावयाचे, हे त्या दिवशी कोणी विचारीत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश असून, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद केलेली आहे. हे योग्यच झाले. तथापि यंत्र घरात आले की देखभालीचा खर्चही त्याच्या मागोमाग उंबरठा ओलांडतो.

हा खर्च नेमका कशाचा, हे कळण्यास यंत्र शिवते कसे ते पाहावे लागेल. अमेरिकेतील इलायस हौ याने १८४६ साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात सुईचे नेढे टोकाशी होते आणि टाका दोन दोऱ्यांचा पडत असे. आजही मूळ तत्त्व तेच आहे. सुई वरचा दोरा घेऊन कापडाखाली जाते आणि किंचित वर येऊ लागताच दोऱ्याला फुगीर फास पडतो. नेमक्या त्या क्षणी शटलचे टोक त्या फासात शिरून त्यास खालच्या दोऱ्याभोवती फिरविते. सुई जराशी वाकली, अथवा पुरती वर न बसविता घट्ट केली, तर हे टोक फास चुकविते आणि टाका सुटतो. यंत्र बिघडले म्हणून घरात हळहळ होते, वास्तविक दोष काही रुपयांच्या सुईचा असतो. सुईच्या पाकिटावर ९०/१४ असे आकडे असतात. त्यांपैकी ९० म्हणजे सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभरांश भागांत, अर्थात ०.९ मिलिमीटर. नेहमीच्या सुती कापडास ती चालते, जाड कापडास १६ क्रमांकाची घ्यावी. टाके सुटू लागताच प्रथम नवी सुई घालून पाहावी आणि मगच दुकानाची वाट धरावी.

दुसरा शत्रू कापसाचाच. सुती कापडाचा आणि दोऱ्याचा बारीक तंतू शटलभोवती व कापड पुढे सरकविणाऱ्या दातांखाली साचतो, तेलात भिजतो आणि नमद्यासारखा घट्ट होतो. सुईखालची पोलादी पट्टी काढून ब्रशाने तो झाडला, तर जड चालणारे यंत्र पुष्कळदा तेथल्या तेथे हलके होते. तेलाच्या बाबतीत तर घरोघरी चूक होते. हाताशी असलेले खोबरेल किंवा सरकीचे तेल छिद्रांत सोडले जाते. ही तेले हवेने हळूहळू चिकट होत जातात आणि अखेर सांधे जखडून टाकतात. कारागीर ‘सर्व्हिसिंग’ म्हणून जे करतो, त्यातला मोठा भाग म्हणजे हा चिकटा रॉकेलने धुऊन काढणे आणि पातळ, स्वच्छ मशिनतेल घालणे. तेलाच्या लहान बाटलीत वाचविलेले पैसे असे मजुरीच्या रूपाने बाहेर पडतात.

सुटे भाग मात्र सुदैवाने फार महाग नाहीत. आपल्याकडील काळी घरगुती यंत्रे बहुतांशी एकाच जुन्या सिंगर नमुन्यावरून उतरलेली आहेत. त्यामुळे बॉबिन, बॉबिनची पेटी, चामडी पट्टा, स्प्रिंग या वस्तू लहान गावीही मिळतात. मजुरी खरी लागते ती शटल बदलून त्याचा सुईशी मेळ बसविण्यास, कारण ते कौशल्याचे काम आहे. विजेची मोटर मंदावली, तर तिच्यातील झिजलेले कार्बन ब्रश आधी पाहावेत. तेवढ्यासाठी नवी मोटर घेण्याचे कारण नसते.

याच यंत्राविषयी १९२४ साली ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध झालेल्या संभाषणात महात्मा गांधींनी म्हटले, की यंत्रांविषयीच्या आपल्या आक्षेपाला ते अपवाद आहे. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरने ते शोधले, असेही त्यांनी सांगितले. ही कथा गोड असली, तरी सिंगरच्या चरित्राशी ती जुळत नाही. पण पुढे ज्या वर्धा जिल्ह्यात गांधीजी राहिले, त्याच्या शेजारच्या या जिल्ह्यात एका स्त्रीचे कष्ट आणि तिचे यंत्र यांचे नाते आजही प्रत्यक्ष दिसते.

आता हिशेब पाहा. समजा, एखादी स्त्री रोज चार झंपर शिवते आणि प्रत्येकी शंभर रुपये घेते. कारागिराने दुरुस्तीचे ३०० रुपये घेतले, पण यंत्र पाच दिवस दुकानात पडून राहिले. तिचे दोन हजार रुपये बुडाले, म्हणजे दुरुस्ती पडली २,३०० रुपयांस. लग्नसराईत गिऱ्हाईक दुसरीकडे गेले, तर ते परत येईलच असे नाही. म्हणून मजुरीत पन्नास रुपयांची घासाघीस करण्यापेक्षा यंत्र केव्हा मिळेल, हे पक्के करून घेणे अधिक फायद्याचे. झरी जामणीसारख्या आडवळणाच्या तालुक्यातून येणाऱ्या बाईस मार्च २०२३ पासून एस. टी.चे तिकीट निम्म्या दरात मिळू लागले, हा थोडा दिलासा झाला. परंतु दहा-बारा किलोचे ओझे तिलाच उचलावे लागते. निदान पायडलचा सांगाडा तरी घरीच ठेवावा, स्क्रू सैल करून यंत्राचे मुंडके तेवढे न्यावे.

शहरातील सुखवस्तू घरी आच्छादनाखाली धूळ खात पडलेले यंत्र कोणास द्यावयाचे असेल, तर ते आधी धुऊन-पुसून, तेल घालून द्यावे आणि सोबत सुयांचे पाकीट, तेलाची बाटली व दोन बॉबिन ठेवाव्यात. दुकानात दुरुस्तीस दिल्यास सुट्या भागाची किंमत व मजुरी वेगळी लिहून घ्यावी, काढलेला जुना भाग परत मागावा, आणि पैसे देण्यापूर्वी घरून नेलेल्या कापडाच्या दुहेरी तुकड्यावर वीतभर शिवण घालून तिचे वरचे व खालचे टाके उजेडात पाहावेत.