भिंतींवाचून दालने

घर म्हटले की भिंत आली. भिंतीवाचून माजघर कोणते आणि कोठार कोणते, हे सांगावे तरी कसे? आपल्या शरीरातील पेशीचे पुष्कळसे विभागही पातळ पटलांच्या भिंतींनीच वेगळे झालेले असतात. परंतु आनुवंशिक गुणांचा ठेवा जेथे जपलेला असतो, त्या पेशीकेंद्रकात काही दालने अशी आहेत की, त्यांना भिंतच नाही. ती सिद्ध होतात कशी, हे आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

या दालनांपैकी सर्वांत ठळक ती केंद्रकी होय. आबे म्हणून ओळखले जाणारे इटालियन पंडित फेलिचे फोंताना यांनी १७८१ साली वाम जातीच्या माशाच्या कातडीवरील बुळबुळीत स्राव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यातील पेशींत त्यांना हा ठिपका आढळला. १९०३ साली स्पेनच्या रामोन इ काहाल यांना मज्जापेशींच्या केंद्रकांत आणखी एक चिमुकला गोलक दिसला. तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. केंद्रकी हा तर एक कारखानाच आहे. शरीरातील जवळजवळ सर्व प्रथिने जी यंत्रे घडवितात, त्या रायबोसोमांचे भाग येथे तयार होतात.

कालवणावर तरंगणारे तेलाचे थेंब आमच्या गृहिणी रोजच पाहतात. दोन थेंब जवळ आले की त्यांचा एक होतो, आणि तोही गोलच राहतो. क्लिफर्ड ब्रँगविन आणि अँथनी हायमन यांनी २००९ साली एका सूक्ष्म कृमीच्या पेशीतील कणांत, व २०११ साली टिमथी मिचिसन यांच्यासह बेडकाच्या अंडपेशीतील केंद्रकींत, हाच गुण दाखवून दिला. केंद्रकी हा एक दाट द्रवाचा थेंब आहे!

हा थेंब जमतो कसा? काही प्रथिने आणि आरएनए यांचे रेणू एकमेकांना अनेक ठिकाणी, परंतु सैलपणे धरतात. त्यांची दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की ते सभोवतालच्या द्रवातून वेगळे होऊन एकत्र येतात. पेशी विभागू लागली की केंद्रकी विरते, आणि विभागणी पुरी होताच पुन्हा जमते. मात्र भिंत नसलेले प्रत्येक दालन याच रीतीने बनते काय, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे.

सैलपणा हेच या थेंबांचे आरोग्य. एफयूएस नावाच्या प्रथिनाचे थेंब काही तासांत घट्ट होऊन त्यांचे तंतू बनतात, आणि एएलएस या व्याधीशी निगडित असलेला दोष त्या प्रथिनात असेल तर हे अधिक वेगाने घडते, असे २०१५ साली प्रयोगनळीत दिसून आले. या व्याधीत हातापायांची शक्ती हळूहळू ओसरते, पुढे वाचाही जाते. ती समूळ बरी करणारे औषध अजून हाती आलेले नाही.

अशा रोग्याविषयी गावात करणीची वा पूर्वजांच्या पापाची कुजबुज होते. वाचकहो, जन्मांध मनुष्यापुढे उभे असता प्रभूने शिष्यांचा हाच तर्क नाकारला होता. थेंब गोठला, यात त्या रोग्याचा काय अपराध? त्याला हवा आहे तो आपल्या शेजाराचा आधार, आणि तो देण्यासाठी औषधाची वाट पाहावी लागत नाही.