धग आणि धडधड : घरी जोडलेल्या एका मोटारीचे रोगनिदान

स्मरणिकेसाठी लेख देताना आपण डॉक्टर मंडळी बहुधा दोनच विषय निवडतो : मधुमेह किंवा प्रवासवर्णन. या दोहोंपासून थोडे दूर जाऊन, परंतु कान-नाक-घसा या माझ्या शाखेचे कुंपण फारसे न ओलांडता, एका मोटारीविषयी लिहावे असे मनात आले. ही मोटार कारखान्यात नव्हे, तर इंग्लंडमधील एका घराच्या गॅरेजमध्ये जोडली गेली. तिच्या इंजिनाची उष्णता आणि आवाज बैठकीपर्यंत कसे पोहोचतात, व त्यांना अडवावे कसे, हा या लेखाचा विषय. वरकरणी तो मेकॅनिकचा आहे. पण त्यातील प्रत्येक टप्पा आपल्या बाह्यरुग्ण विभागात घडावा तसा घडला.

इंग्लंडमध्ये ‘किट कार’ हा प्रकार जुना आहे. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली ‘लोटस सेव्हन’ ही छोटी, उघडी मोटार बाजारात आणली. ती सुट्या भागांच्या संचाच्या रूपातही मिळे. तयार मोटारीवर त्या काळी तेथे खरेदीकर पडे, सुट्या भागांच्या संचावर तो टाळता येई. त्यामुळे हौसेला काटकसरीची जोड मिळाली. १९७३ साली खरेदीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी त्या मोटारीचे हक्क ‘केटरहॅम कार्स’कडे गेले. सवलत गेली, तरी आपली मोटार आपल्या हातांनी जोडण्याचा नाद मात्र गेला नाही.

मी मिडलँड्समधील एका रुग्णालयात नोकरीस असताना, १९९८ साली, माझ्या एका भूलतज्ज्ञ सहकाऱ्यांनी याच धाटणीची मोटार जोडावयास घेतली. नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, पुढे चार सिलिंडरचे इंजिन आणि वजन जेमतेम अर्धा टन. त्यांच्या गॅरेजमध्ये नट-बोल्ट हाती देण्याच्या कामावर माझी नेमणूक झाली. कारखान्यातून येणाऱ्या मोटारीत इंजिन आणि बैठक यांच्यामध्ये डांबरी थर, नमदा, गालिचा, प्लास्टिक असे कितीतरी पदर असतात. आपल्याला ते दिसत नाहीत, इतकेच. येथे होता तो एक उघडा पत्रा. त्याला तिकडे ‘बल्कहेड’ म्हणतात. त्याच्या अलीकडे माणसाचे पाय, पलीकडे तापलेले इंजिन. डाव्या पोटरीला चिकटून गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा बोगदा.

मोटार रस्त्यावर आली आणि तक्रारी सुरू झाल्या. तासाभराच्या प्रवासानंतर बुटाचे तळवे गरम, डावी पोटरी भाजल्यासारखी, कानांत घूं-घूं आणि वर छत ओढून प्रवास केला की सहकाऱ्यांचे डोके दुखे. त्यांनी बाजारातून इंचभर जाडीचा फोम आणला व दिसेल त्या मोकळ्या जागी चिकटवला. मोटार आतून गादीसारखी दिसू लागली. घुमणारा आवाज होता तेवढाच राहिला, धगही तशीच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हा प्रकार आपल्याकडेच असतो असे नाही.

आधी तपासणी

ज्वर पाहून औषध देऊ नये, ज्वराचे कारण पाहून द्यावे, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. आवाजाचेही तसेच आहे. तो आत येतो दोन वाटांनी. एक हवेतून, म्हणजे फटी आणि भोकांतून. दुसरी धातूतून, म्हणजे इंजिनाचे कंपन सांगाड्यात, सांगाड्याचे पत्र्यात, आणि मग तो पत्राच ध्वनिवर्धकाच्या पडद्यासारखा थरथरतो. दोन्ही वाटांचे उपचार निरनिराळे आहेत.

पहिली तपासणी अगदी साधी होती. रात्री गॅरेजमधील दिवे मालवले, बॉनेटखाली एक प्रखर दिवा ठेवला आणि आम्ही आत बसून पाहिले. अंधारात बल्कहेड चांदण्यासारखे चमकत होते. सुकाणूचा दांडा जातो तेथे चंद्रकोरीएवढी फट, विजेच्या तारांची भोके, पेडलांभोवतीच्या खाचा, रिव्हेट राहून गेलेली छिद्रे. फोमखाली हे सारे झाकले गेले होते, बुजवले गेले नव्हते.

या छिद्रांचे गणित विलक्षण आहे. एखाद्या भिंतीचा फक्त शेकडा एक भाग उघडा असेल, तर उरलेला नव्व्याण्णव भाग कितीही जाड केला तरी आवाज २० डेसिबलहून अधिक घटू शकत नाही. म्हणून पहिला उपचार म्हणजे बुजवणे. तारांसाठी रबरी ग्रोमेट, सुकाणूच्या दांड्यास रबरी बूट, लहान फटींत उष्णता सोसणारे सीलंट. खर्च अगदी थोडा. पण फरक पहिल्याच फेरीत कानांना कळला.

या उपचाराला आवाजापेक्षाही गंभीर असे दुसरे कारण होते. धावत्या मोटारीच्या आत बाहेरच्यापेक्षा हवेचा दाब कमी होऊ शकतो. मग इंजिनाकडील हवा फटींतून आत ओढली जाते. एक्झॉस्टचा एखादा सांधा गळत असेल, तर त्या हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही येतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि हिमोग्लोबिनशी त्याची जवळीक प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक. आयुष्यभर इतरांच्या श्वासावर लक्ष ठेवणाऱ्या भूलतज्ज्ञाला याहून अधिक सांगावे लागले नाही. एक्झॉस्टचे सर्व सांधे तपासून गॅस्केट नवे घातले, फटी बुजवल्या. डोकेदुखी पुन्हा झाली नाही. तिचे मूळ तेच होते असे प्रमाणपत्र मी देणार नाही. पण अशा बाबतीत पुराव्याची वाट पाहत बसणे शहाणपणाचे नव्हे.

तीन औषधे, तीन कामे

फटी बुजल्यावर उरतो तो पत्र्याचा आवाज. यासाठी बाजारात जी द्रव्ये मिळतात, त्यांची तीन कुळे आहेत आणि नेमका घोटाळा तेथेच होतो. एकाचे काम दुसरे करू शकत नाही.

पहिले कंपन शमवणारे. स्टीलच्या ताटावर चमचा आपटला की ते घुमत राहते. कडेला बोट लावले की गप्प होते. ब्युटिल रबर किंवा डांबर यांची, वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेली पट्टी हेच बोटाचे काम करते. ती पत्रा भरून लावण्याची गरज नसते. पत्र्याच्या मधोमध, जेथे तो सर्वाधिक थरथरतो तेथे, पाव ते अर्ध्या भागावर लावली तरी पुष्कळ काम होते.

दुसरे अडवणारे. येथे केवळ वजनाला मान आहे. अडसराचे दर चौरस मीटरचे वजन दुप्पट केले की सुमारे ६ डेसिबलने आवाज घटतो, असा ढोबळ नियम आहे. म्हणून जड व्हिनाइलची चादर वापरतात; तिचे वजन चौरस मीटरला सुमारे ५ किलो असते. ती पत्र्यावर घट्ट चिकटवायची नाही, मध्ये मऊ फोमचा पातळ थर ठेवायचा, म्हणजे पत्र्याची थरथर तिच्यापर्यंत पोहोचत नाही. आमच्या मोटारीत बल्कहेड आणि बोगदा मिळून दोन चौरस मीटर, म्हणजे दहा किलो. अर्ध्या टनाच्या मोटारीचा मालक या दहा किलोंवरून वजन कमी करावयास सांगितलेल्या रुग्णासारखा घासाघीस करतो. तशी ती झाली आणि शेवटी दहा किलो मान्य झाले.

तिसरे शोषणारे, म्हणजे फोम आणि नमदा. हे आतल्या आत आपटून फिरणारा, तीव्र स्वराचा आवाज पितात. खर्जाला मात्र ते दाद देत नाहीत. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला १०० स्फोट. १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर. ती चांगली शोषायची तर फोमची जाडी तिच्या चौथाईच्या आसपास, म्हणजे ८५ सेंटिमीटर हवी. इंचभर फोमने घूं-घूं का थांबली नाही, याचे उत्तर या साध्या भागाकारात आहे.

धगीचा हिशेब

उष्णतेच्या वाटा आपण शाळेत शिकलो : वहन, अभिसरण आणि प्रारण. तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बल्कहेडला शिवत नाही, तरी पत्रा तापतो तो मुख्यतः प्रारणामुळे. प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. २७ अंश सेल्सिअसची वस्तू ३२७ अंशांवर गेली, म्हणजे निरपेक्ष तापमान ३०० चे ६०० झाले, की तिचे प्रारण १६ पट होते. मॅनिफोल्ड तर याहूनही पुष्कळ तापतो.

यावर उपाय जाडीचा नाही, चकाकीचा आहे. चकचकीत ॲल्युमिनियम प्रारणाचा शेकडा ९० हून अधिक भाग परतवते. अट एकच : तिच्यासमोर मोकळी हवा हवी. तीच चकाकी तापलेल्या वस्तूला टेकवली, की ॲल्युमिनियम उत्तम वाहक होऊन बसते. म्हणून आम्ही मॅनिफोल्ड आणि बल्कहेड यांच्यामध्ये एक चकचकीत पत्रा, बल्कहेडपासून सुमारे १५ मिलिमीटर अंतर राखून, उभा केला. वरखाली जागा मोकळी सोडली, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाते. पत्र्यावर तेल आणि धूळ बसली की त्याचा गुण ओसरतो; म्हणून तो अधूनमधून पुसावा लागतो.

बोगद्याच्या आतून उष्णता सोसणारे, चकचकीत पृष्ठाचे आवरण घातले. परंतु कोणतेही आवरण उष्णता नाहीशी करत नाही, तिला उशीर करते. लाकडाच्या भुशातील बर्फही शेवटी वितळतोच. तापलेल्या हवेला बाहेरची वाट हवी. बॉनेटच्या बाजूंना झरोके पाडले, तेव्हा कोठे पोटरीची तक्रार थांबली. एक्झॉस्टच्या नळीवर काचतंतूंची पट्टी गुंडाळण्याची पद्धतही आहे. पण तिच्याखाली ओल राहून साध्या पोलादाची नळी गंजते, म्हणून आम्ही ती टाळली.

औषधाचे दुष्परिणाम

इंजिनाच्या बाजूला उघड्या रंध्रांचा फोम कधीही लावू नये. तो तेल आणि पेट्रोल स्पंजासारखे पितो व मग दिव्याच्या वातीसारखा पेटतो. पॉलियुरेथेनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. जुन्या मोटारीचे भाग वापरताना ॲस्बेस्टॉसची शंका धरावी; ब्रिटनने त्याच्या उरल्यासुरल्या वापरावर १९९९ साली बंदी घातली, पण त्याआधीचे गॅस्केट आणि पॅड आजही कोणाच्या ना कोणाच्या गॅरेजमध्ये पडलेले असतात. सिरॅमिक तंतूंची चादर उष्णतेला उत्तम. तथापि तिच्यातील तंतू मानवात कर्करोगाला कारण होण्याची शक्यता असलेल्या द्रव्यांच्या गटात मोडतात. ती वापरायचीच तर मुखवटा आणि हातमोजे घालून, आणि तंतू उडणार नाहीत अशी सर्व बाजूंनी बंद करून.

सारे झाल्यावर उसन्या आणलेल्या ध्वनिमापकावर त्याच रस्त्याने, त्याच वेगाने मोजले. आधी ९४ डेसिबल होते, ते ८८ वर आले. सहाच डेसिबल, असे कोणी म्हणेल. पण ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, हा हिशेब लावला तर ९४ ला एक तास आणि ८८ ला चार तास मिळतात. अंतर्कर्णातील केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. म्हणून हे तीन तास मला मोलाचे वाटतात. उरलेला आवाज मुख्यतः वाऱ्याचा होता. त्यावर कोणतेही अस्तर चालत नाही. लांबच्या प्रवासात कानांत बोळे घालावे, हाच उपाय.

आपल्याकडे

आपल्या देशात अशी मोटार जोडून रस्त्यावर आणणे सोपे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे वाहनाचा तपशील नोंदणीपत्रापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. ते योग्यही आहे. पण गळणाऱ्या फटी बुजवणे म्हणजे वाहन बदलणे नव्हे, ती डागडुजी आहे.

बेळगावास परतल्यावर हे ज्ञान मला दोन ठिकाणी उपयोगी पडले. उद्यमबागेतील फाउंड्री आणि यंत्रशाळांतून येणाऱ्या रुग्णांच्या श्रवणालेखात ४००० हर्ट्झची ती परिचित खाच दिसली, की मी केवळ कानांविषयी विचारत नाही. यंत्राला आच्छादन आहे का, आणि त्याला फट कोठे आहे, हेही विचारतो. दुसरे ठिकाण रुग्णवाहिकेचे. १९८४ साली आलेली आणि २०१९ साली उत्पादन थांबलेली मारुती ओम्नी आपल्यापैकी अनेकांच्या दवाखान्यांत रुग्णवाहिका म्हणून राबली. तिचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते. त्यावरच्या झाकणाची रबरी पट्टी वर्षांनी कडक होते, चिरते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मग चालकाचे आसन तापते, आत बोललेले ऐकू येत नाही, रक्तदाब घेताना स्टेथोस्कोपमध्ये इंजिनच ऐकू येते. आणि मागे स्ट्रेचरवर, आधीच प्राणवायूला महाग झालेला रुग्ण, इंजिनाकडून येणारी हवा घेत असतो.

आपल्या वाहनाची ही तपासणी करण्यास दहा मिनिटे पुरतात. रात्री, वाहन बंद आणि थंड असताना, इंजिनापाशी एक प्रखर दिवा लावावा, झाकण नीट बसवावे, दारे मिटून आत बसावे आणि डोळे अंधाराला सरावू द्यावेत. जेथे उजेड दिसेल तेथे खडूने खूण करावी आणि सकाळी मेकॅनिकला ती दाखवावी.