धूर तोच, हंगाम वेगळा

डिसेंबरातल्या पहाटे हिरण्यकेशीकाठचं एखादं गुऱ्हाळ बघा. धुराड्यातून निघालेला धूर थोडा वर चढतो आणि आडवा होऊन उसावर पसरतो. दुपारी तोच धूर सरळ वर जाऊन विरतो. जळव्याने चुलवाणात चिपाड तेवढंच टाकलेलं असतं. बदललेली असते ती हवा. गडहिंग्लज परिसरातल्या हवेबद्दलचे बरेच गैरसमज इथूनच सुटायला लागतात.

गैरसमज : प्रदूषण मुंबई-पुण्याला, आपल्याकडे मोकळं रान आहे.
वस्तुस्थिती : काहीही जळलं की सूक्ष्म कण तयार होतात, मग ते डिझेल असो, लाकूड असो की पाचट. केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम 2019 मध्ये सुरू झाला. हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या त्याच्या यादीत मुंबई-पुण्यासोबत कोल्हापूर आणि सांगलीही आहेत.

गैरसमज : पहाटेची गार हवा सगळ्यात शुद्ध.
वस्तुस्थिती : थंडीत रात्री जमीन लवकर निवते. तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, वर उबदार थर राहतो. हा थर झाकणासारखा बसतो आणि धूर खालीच कोंडतो. नेमका याच दिवसांत गळीत हंगाम असतो. ऊसवाहतूक, पेटवलेले फड, न्हाणीघरातले बंब, शेकोट्या, सगळ्यांचा धूर एकाच झाकणाखाली येतो. पहाटेच्या धुक्यात तोही मिसळलेला असतो. ऊन तापलं की हवा वर उठते आणि झाकण उघडतं. म्हणून दम्याच्या माणसाने हिवाळ्यात ऊन वर आल्यावर फिरायला निघावं.

गैरसमज : डोळ्यांना दिसते तीच धूळ वाईट, तोंडाला रुमाल बांधला की झालं.
वस्तुस्थिती : फड पेटला की वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचे काळे तुकडे पडतात. ते झटकता येतात. उन्हाळ्यातली रस्त्याची धूळही बरीचशी जाड असते, नाकात-घशात अडते. खरा धोका 2.5 मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांचा. ते केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही लहान असतात, फुप्फुसात खोल उतरतात आणि रुमालातून सहज आत जातात. चोवीस तासांच्या सरासरीसाठी भारतात त्यांची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये ती 15 सुचवली.

गैरसमज : पाऊस सुरू झाला की काळजी मिटली.
वस्तुस्थिती : बाहेरची मिटते, हे खरं. वारा समुद्रावरून येतो आणि पाऊस हवा धुऊन काढतो. पण दारं-खिडक्या लावून ओल्या लाकडांवर चूल पेटवली, की घरातच धूर कोंडतो. आणि बंबात प्लास्टिक तर कुठल्याच ऋतूत घालू नये. त्याचा धूर विषारी असतो.

गैरसमज : पाचट पेटवलं की रान साफ होतं आणि खोडवा जोमात येतो.
वस्तुस्थिती : रान साफ होतं, पण एका हेक्टरातलं आठ-दहा टन पाचट जळतं. त्यातला नत्र हवेत जातो, सेंद्रिय पदार्थ संपतो, वरच्या थरातले जिवाणू होरपळतात. तेच पाचट कुट्टी करून सरीत दाबलं, त्यावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकले, तर जागेवर खत होतं. ओलही टिकते.

हवेवरचं झाकण कधी उघडेल, हे आपल्या हातात नाही. फडात काडी ओढायची की नाही, हे आहे.