पेट्रोलचं झाकण कुठे दडलंय?

समजा, तुम्ही पेट्रोल पंपावर कामाला आहात. समोर एक जुनी अमेरिकन मोटार येऊन थांबते. १९५७ सालची शेव्हरोले बेल एअर! दोन रंगांत रंगवलेली, जिकडेतिकडे चकचकीत क्रोम. चालवणारे काका म्हणतात, "टाकी फुल कर रे." तुम्ही नळी घेऊन डावीकडे जाता. झाकण नाही. उजवीकडे जाता, तिथेही नाही. मागची नंबरप्लेट हलवून बघता. छे! आता पेट्रोल ओतायचं कुठे?

सांगतो. गाडीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर पत्र्याचे पंख वर आलेत ना, त्यांतल्या डाव्या पंखाची मागची कड बघा. लाल दिव्याच्या वर क्रोमची एक उभी पट्टी आहे. बघणाऱ्याला वाटतं, शोभेची असेल. पण ती ओढली की दारासारखी उघडते आणि आत पेट्रोलचं झाकण! आदल्या वर्षीच्या, म्हणजे १९५६ च्या शेव्हरोलेत तर याहून भारी गंमत होती. तिथे डावीकडचा अख्खा लाल दिवाच बिजागरीवर बाजूला व्हायचा आणि त्याच्या मागे झाकण असायचं. कॅडिलॅक या महागड्या गाडीत ही युक्ती १९४१ पासूनच होती.

मला या गाड्यांचं भारी वेड आहे. लोक त्यांच्या इंजिनाच्या ताकदीबद्दल बोलतात तेव्हा मी वाकून, डोकावून असल्या बारीक करामती शोधत असतो. इंजिन जोरदार असणारच, त्याचं मला फार नवल नाही. पण एवढंसं झाकण लपवायला कुणीतरी टेबलाशी बसून डोकं खाजवलं असेल, हे मला फार आवडतं.

आता पंखांचंच बघू. ते आले विमानातून! जनरल मोटर्स कंपनीत हार्ली अर्ल नावाचे मुख्य डिझायनर होते. त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी लॉकहीड पी-३८ हे लढाऊ विमान पाहिलं. त्याला मागे दोन शेपट्या होत्या. त्या बघून १९४८ च्या कॅडिलॅकला दोन छोटेसे उंचवटे दिले गेले. लोकांना ते आवडले. मग काय, इतर कंपन्याही मागे लागल्या आणि दर वर्षी पंख वाढत गेले. १९५९ च्या कॅडिलॅकचे पंख सगळ्यांत उंच. प्रत्येक पंखावर टोकदार लाल दिव्यांची जोडी, जणू जेट विमानाच्या ज्वाळाच. ही गाडी जवळजवळ ५.७ मीटर लांब होती. आपली मारुती ८०० साधारण ३.३ मीटरची, म्हणजे बघा!

विमानाचं उभं शेपूट त्याला सरळ दिशेत ठेवतं. मग गाडीचे पंखही तसंच करतात का? क्रायस्लर कंपनी म्हणायची की करतात, आडव्या वाऱ्यात गाडी स्थिर राहते. पण रस्त्यावरच्या नेहमीच्या वेगात त्यांचा फारसा उपयोग होत नाही. विमानाचा वेग कितीतरी जास्त असतो आणि हवेचा दाब वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट! म्हणून विमानाला शेपूट हवंच, गाडीला मात्र ते केवळ दिसायला. मला विचाराल तर १९५९ चे पंख जरा जास्तच झाले. १९५७ च्या बेल एअरचा पंख मला सरस वाटतो, कारण तो निदान झाकण तरी लपवतो.

एक सांगायचं राहिलं. अमेरिकन गाड्या आपल्या मुंबईतही जोडल्या जायच्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला कारखाना काढला होता. पुढे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जात. तुमच्या पणजोबांना विचारा, त्यांना या गाड्या नक्की आठवतील.

आता माझी एक फार लाडकी करामत. १९६५ ची फोर्ड थंडरबर्ड. तिचा चालक वळण्यासाठी इंडिकेटर लावतो तेव्हा मागचा लाल दिवा नुसता उघडझाप करत नाही. आधी आतला भाग पेटतो, मग मधला, मग बाहेरचा. उजेड वळायच्या दिशेने धावत जातो! आज हे काम इलेक्ट्रॉनिक चिप चुटकीसरशी करते. तेव्हा गाडीत चिप कुठली? मग फोर्डच्या इंजिनिअरांनी डिकीत एक छोटी विजेची मोटर बसवली. ती काही चकत्या फिरवायची. चकती पूर्ण गोल नसते, तिच्या कडेला एक उंचवटा असतो. फिरता फिरता उंचवटा बटणापाशी आला की बटण दाबलं जातं आणि दिवा पेटतो. एका चकतीचा उंचवटा लांबलचक, दुसरीचा त्याहून आखूड, तिसरीचा सगळ्यांत आखूड. त्यामुळे पहिला दिवा लवकर पेटून पेटलेलाच राहतो, दुसरा त्याला येऊन मिळतो, मग तिसरा. शेवटी तिन्ही एकदम विझतात. जाड पुठ्ठ्याच्या अशा तीन चकत्या कापा, एका पेन्सिलीवर ओवा आणि हळूहळू फिरवा. काय होतं ते लगेच कळेल.

दिव्यांवरून आठवलं. रात्री समोरून गाडी आली की बाबा अप्पर-डिप्पर करतात ना? समोरच्याच्या डोळ्यांवर झोत पडू नये म्हणून. १९५२ मध्ये जनरल मोटर्सने हे काम गाडीलाच शिकवलं. कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबाइलच्या डॅशबोर्डवर एक छोटा डोळा बसायचा. नाव 'ऑट्रॉनिक आय'. त्याच्या आत एक खास काचेची नळी होती. समोरच्या गाडीचा उजेड नळीतल्या एका पृष्ठभागावर पडला की तिथून इलेक्ट्रॉन बाहेर उडायचे. ते पुढच्या पट्टीवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन उडवायचे, ते त्यापुढच्या पट्टीवर, असं करत करत इवल्याशा उजेडातून वाढत वाढत वीज तयार व्हायची. तिच्या जोरावर हेडलाइटचा झोत आपोआप खाली! समोरची गाडी निघून गेली की पुन्हा वर. कधीकधी हा डोळा रस्त्यावरच्या दिव्यांनाही फसायचा. पण सत्तर वर्षांपूर्वी काचेच्या एका नळीने केलेलं हे काम मला आजच्या कॅमेऱ्यांहून जास्त थरारक वाटतं.

१९५६ च्या क्रायस्लरमध्ये चक्क तबकडी वाजायची. हायवे हाय-फाय! डॅशबोर्डखाली रेकॉर्ड प्लेअर. तबकडी फक्त सात इंचांची, पण ती मिनिटाला जेमतेम साडेसोळाच्या वर फेरे घ्यायची, नेहमीच्या मोठ्या रेकॉर्डच्या निम्म्या वेगाने. त्यामुळे एका बाजूला पाऊण तास गाणी मावायची. खड्ड्यात सुई उडू नये म्हणून ती जोराने दाबून ठेवलेली असे. मात्र तबकड्या खास त्या यंत्राच्याच लागायच्या, घरातल्या चालायच्या नाहीत. त्यामुळे हे प्रकरण काही वर्षांतच बंद पडलं.

पण पहिला नंबर मी देतो १९४८ च्या टकर गाडीला. प्रेस्टन टकर यांनी अशा फक्त ५१ गाड्या बनवल्या. तिला तीन हेडलाइट होते! मधला दिवा स्टिअरिंगशी जोडलेला. चाकं वळली की तोही वळायचा. घाटातलं वळण आठवा. तुम्ही वळता, पण साध्या गाडीचे दिवे सरळ दरीकडे बघत राहतात. वळणापलीकडे काय आहे ते दिसतच नाही. टकरचा मधला दिवा मात्र तुमच्याबरोबर वळून पुढचा रस्ता दाखवायचा. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या काही राज्यांत दोनांहून जास्त हेडलाइट लावायला कायद्याने बंदी होती. मग टकर यांनी या तिसऱ्या दिव्यासाठी एक झाकण बनवलं. त्या राज्यात शिरलं की झाकण लावायचं, बाहेर पडलं की काढायचं!