आरोपीच्या पिंजऱ्यात वकील



'चोर सोडून संन्याशाला सुळी' ही म्हण आपल्यापैकी पुष्कळांनी घरात ऐकली असेल. आमची आजी उसाच्या मळ्यात कामाला जात असे. एकाच्या चुकीसाठी दुसऱ्याची मजुरी कापली गेली की संध्याकाळी चुलीपाशी बसून ती हीच म्हण म्हणे. लहानपणी आम्हांला त्या संन्याशाची फार दया येई. बिचारा देवाचे नाव घेत बसलेला, आणि त्यालाच धरून नेले!

पण आरोप झालेला माणूस चोरही नसेल आणि संन्यासीही नसेल, तर? त्याने ते पाप केलेले नाही, पण दुसरे काही केले आहे, आणि ते लपवलेही आहे. अशा माणसाची दया कोणाला येते? हा प्रश्न आम्हांला आजीने नव्हे, तर एका अमेरिकन कादंबरीने विचारला. आज तिच्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात म्हणतो.

आमचा भाचा कायद्याचा अभ्यास करतो. मागच्या सुट्टीत त्याने पाने पिवळी पडलेले एक जाड इंग्रजी पुस्तक आमच्या हाती दिले आणि म्हणाला, "मामा, हे वाचा. शिक्षकांनी वाचायलाच हवे." पुस्तकाचे नाव 'प्रिझ्यूम्ड इनोसंट', लेखक स्कॉट टरो. नावाचा अर्थ असा की, गुन्हा सिद्ध होईपर्यंत निर्दोष मानलेला. वाक्वाहून पोर्ट लुईला जाता-येता मेट्रोमध्ये आम्ही ते वाचले. एकदा उतरायचे स्टेशन मागे गेले, तेव्हा पुस्तक कसे आहे ते निराळे सांगायला नको.

लेखकाची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. टरो यांचा जन्म १९४९ साली शिकागो येथे झाला. प्रथम ते स्टॅनफर्ड विद्यापीठात लेखनकला शिकवीत, म्हणजे आपल्यासारखेच मास्तर! मग त्यांनी हार्वर्डमध्ये कायद्याचे शिक्षण घेतले. तेथील पहिल्या वर्षावर लिहिलेले त्यांचे 'वन एल' हे पुस्तक १९७७ साली निघाले. १९७८ ते १९८६ अशी आठ वर्षे ते शिकागोत केंद्र सरकारचे वकील होते. लाच घेणाऱ्या न्यायाधीशांना उघडे पाडण्याची 'ऑपरेशन ग्रेलॉर्ड' नावाची मोठी मोहीम तेव्हा चालू होती, आणि त्या कामात त्यांचाही वाटा होता. रोज सकाळी कामावर जाताना आगगाडीत बसून ते वहीत ही कादंबरी लिहीत. ती १९८७ साली प्रसिद्ध झाली आणि त्यांचे नाव जगभर झाले. न्यायालयाची आतली बाजू त्यांनी ऐकीव माहितीवर लिहिलेली नाही, हे पानोपानी जाणवते.

आता कथेकडे वळू. किंडल काउंटी नावाच्या काल्पनिक जिल्ह्यात रस्टी सॅबिच हा सरकारी वकील आहे. मुख्य सरकारी वकील रेमंड होर्गन यांचा तो उजवा हात. बारा वर्षे त्याने दुसऱ्यांवर आरोप ठेवण्याचे काम केले आहे. 'हा मनुष्य गुन्हेगार आहे' असे ज्यूरीला पटवून देणे हाच त्याचा धंदा. एके दिवशी त्याच कचेरीतील कॅरोलिन पोल्हेमस या वकील बाईंचा त्यांच्या घरी खून होतो. तपासाचे काम होर्गन रस्टीवर सोपवतात. पण रस्टीच्या पोटात एक गोष्ट आहे. काही महिन्यांपूर्वी या बाईंशी त्याचे संबंध होते. त्याच्या बायकोला, बार्बराला, ते ठाऊक आहे. अशा वेळी 'हे काम माझ्याकडे नको' असे सांगून त्याने बाजूला व्हायला हवे होते. तो होत नाही. येथेच त्याचा पाय घसरतो.

येथे आपल्या वाचकांना एक गोष्ट समजावून सांगायला हवी. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील लोकांच्या मतांनी निवडून येतो. आपल्या बेटावर खटले चालवणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याचे पद राज्यघटनेने निर्माण केले आहे आणि त्याची नेमणूक होते. तो मते मागत गावोगाव हिंडत नाही. कादंबरीत मात्र ऐन निवडणुकीत हा खून झालेला आहे. होर्गन यांचा प्रतिस्पर्धी निको डेला गार्डिया सभेत विचारतो, स्वतःच्या कचेरीतील बाईंचा खुनी ज्यांना सापडत नाही ते तुमचे रक्षण काय करणार? होर्गन हरतात, निको निवडून येतो, आणि थोड्याच दिवसांत खुनाचा आरोप खुद्द रस्टीवर येतो. काल जो आरोप ठेवत होता, तो आज आरोपी.

अमेरिकेतील न्यायालयात आपल्याकडच्यासारखा पिंजरा नसतो. आरोपी आपल्या वकिलाशेजारी टेबलाशी बसतो. पण लोकांच्या नजरांचा पिंजरा तेथेही असतोच. ज्या खोलीत रस्टी उभा राहून बोलत असे, त्याच खोलीत आता त्याला गप्प बसावे लागते. त्याच्याविरुद्ध पुरावा काय? बाईंच्या घरात सापडलेल्या पेल्यावर त्याच्या बोटांचे ठसे. टेलिफोनच्या नोंदी. गालिचाचे धागे. रक्तगटाची तपासणी. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार एकही नाही. तपासाच्या वेळी आपल्या घरच्या फोनच्या नोंदी मागवू नकोस असे त्याने आपल्या पोलीस मित्राला सांगितले होते. तेव्हा ती गोष्ट लहान वाटली होती. आता तीच त्याच्या गळ्याशी येते. जुने साहेब होर्गनसुद्धा त्याच्याविरुद्ध साक्ष देतात.

रस्टीचा बचाव करतात सँडी स्टर्न. हे मूळचे अर्जेंटिनाचे, बोलणे मृदू, वागणे सभ्य. याच स्टर्नना रस्टी विरुद्ध बाजूचे वकील म्हणून ओळखत होता. आता सारा जीव त्यांच्या हाती आहे. त्यांची उलटतपासणी वाचण्यासारखी आहे. ते कधी आवाज चढवत नाहीत. साक्षीदाराला ते एकेक लहान प्रश्न विचारतात, आणि जो पुरावा सकाळी डोंगराएवढा दिसत होता तो संध्याकाळपर्यंत ढेकळासारखा विरघळू लागतो. आम्हांला विशेष वाटले ते हे की, 'माझा अशील सज्जन आहे' हे सिद्ध करण्याची त्यांना गरजच नाही. गुन्हा सिद्ध करण्याचे ओझे सरकारचे. ते सरकारला उचलता येते का, एवढेच त्यांना तपासायचे आहे.

खून कोणी केला, ते आम्ही सांगणार नाही. पुस्तक वाचणाऱ्याच्या ताटातला गोड घास आपण का काढून घ्यावा? १९९० साली या कथेवर ॲलन पाकुला यांनी चित्रपट काढला. त्यात हॅरिसन फोर्ड रस्टी झाले होते आणि राऊल ज्युलिया स्टर्न. २०२४ साली जेक जिलेनहाल यांना घेऊन आठ भागांची मालिका निघाली, तिचा शेवट मात्र पुस्तकाहून वेगळा केला आहे. तेव्हा ज्यांनी मालिका पाहिली त्यांनीही पुस्तक वाचायला हरकत नाही. रस्टीची कथा लेखकाने पुढे 'इनोसंट' (२०१०) आणि 'प्रिझ्यूम्ड गिल्टी' (२०२५) या दोन कादंबऱ्यांत चालू ठेवली.

पुस्तकाची खरी खुबी सांगण्यात आहे. रस्टी स्वतःच सारी गोष्ट सांगतो, तरी आपल्याला त्याची खात्री वाटत नाही. तो बायकोशी खोटे वागला, साहेबांपासून गोष्ट लपवली. मग खुनाविषयी तो खरेच बोलत असेल कशावरून? मेट्रोत बसल्या-बसल्या आम्ही तीनदा त्याला दोषी ठरवले आणि तीनदा सोडून दिले. चौथ्यांदा आम्ही पुस्तक मिटले, कारण आम्हांला आमच्याच वर्गातला एक मुलगा आठवला.

ही गोष्ट पुष्कळ वर्षांपूर्वीची. शिक्षक-प्रशिक्षण संपवून आम्ही नुकतेच शिकवू लागलो होतो. वर्गाच्या सहलीचे पैसे जमवण्याचे काम मॉनिटरकडे होते. मुलगा हुशार, थोडा कडक. बाईगुरुजी वर्गात नसले की बोलणाऱ्यांची नावे तो फळ्यावर लिही, त्यामुळे त्याचे मित्र थोडे. एके दिवशी पैशांचा लिफाफा सापडेना. त्या मुलाने त्याच महिन्यात एकदा गृहपाठाविषयी आमच्याशी खोटे बोलले होते. तेवढे आम्हांला पुरे झाले. आम्ही त्याला सर्वांपुढे उभे केले आणि दप्तर रिकामे करायला सांगितले. दप्तरात काही निघाले नाही. तरीही आम्ही म्हणालो, "जो एकदा खोटे बोलतो त्याचे काय सांगावे?" मागच्या बाकावरची मुले हसली. ज्यांची नावे त्याने फळ्यावर लिहिली होती तीच मुले.

तिसऱ्या दिवशी लिफाफा सापडला. तो आमच्याच हजेरीपटाखाली, कपाटात होता. आम्हीच ठेवून विसरलो होतो. मुलांसमोर आम्ही चूक कबूल केली आणि त्याची क्षमा मागितली. तो "बरे, सर" एवढेच म्हणाला. पण त्यानंतर त्याने फळ्यावर कोणाचे नाव लिहिले नाही, आणि पुढच्या सत्रात मॉनिटर होण्यास नकार दिला. मुलाला चारचौघांत दोषी ठरवू नये, हे आम्ही प्रशिक्षणात शिकलो होतो, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. तरी वेळ आली तेव्हा त्याचे जुने खोटे हाच आम्ही नव्या चोरीचा पुरावा मानला.

टरो यांनी हा विचार पुस्तकात ठेवून दिला नाही. इलिनॉय राज्यात १९८३ साली दहा वर्षांच्या एका मुलीचा खून झाला होता. त्यासाठी दोन तरुणांना १९८५ मध्ये फाशीची शिक्षा झाली. त्यांतील एकाचे अपील पुढे टरो यांनी चालवले. १९९५ साली त्याची शिक्षा रद्द झाली, आणि त्याच वर्षी दोघेही सुटले. दहा वर्षे गेली ती गेलीच. त्या राज्यात १९७७ पासून २००० पर्यंत १२ जणांना प्रत्यक्ष मृत्युदंड दिला गेला, आणि मृत्युदंड झालेले १३ जण निर्दोष ठरून बाहेर आले. हे पाहून गव्हर्नर जॉर्ज रायन यांनी २००० साली मृत्युदंड थांबवले आणि चौकशीसाठी मंडळ नेमले; टरो त्या मंडळाचे सभासद होते. २०११ साली इलिनॉयने ही शिक्षाच काढून टाकली.

आपल्या बेटावर शेवटची फाशी १९८७ साली झाली, म्हणजे कादंबरी निघाली त्याच वर्षी, आणि १९९५ साली आपण कायद्याने ती शिक्षा बंद केली. आपल्या राज्यघटनेच्या दहाव्या कलमातही रस्टीचा तोच हक्क लिहिलेला आहे. आरोपीने स्वतः गुन्हा कबूल केला नाही किंवा तो सिद्ध झाला नाही, तोपर्यंत त्याला निर्दोष मानावे. 'तो भला असेल तर' अशी अट त्यात कोठेही घातलेली नाही.

पण कलम न्यायालयात राहते आणि आपण गल्लीत राहतो. पोलीस एखाद्याला पकडून न्यायालयापुढे नेतात तेव्हा त्याच्यावर प्रथम 'प्रोव्हिजनल चार्ज', म्हणजे तात्पुरता आरोप, ठेवतात. तपास पुढे चालायचा असतो. पुरावा मिळाला नाही तर तो आरोप मागेही घेतला जातो. परंतु संध्याकाळी लाबुतिकपुढे गातो-पिमाँ खाता-खाता आपला निकाल लागलेला असतो. 'त्याचा बापही तसलाच होता', 'दारू पितो तो', 'आग असल्याशिवाय धूर निघत नाही'. पुढे तो सुटला की ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते, आणि ती वाचायला लाबुतिकपुढे कोणी थांबत नाही.

आमच्या भाच्याला पुस्तक परत केले तेव्हा त्याने विचारले, "मामा, रस्टी तुम्हांला आवडला का?" आम्ही म्हणालो, "नाही. पण न्याय मिळण्यासाठी त्याने आम्हांला आवडण्याची गरज नाही."

आजीची म्हण खोटी नाही. संन्याशाला सुळी देऊ नये, हे खरेच. पण गावात संन्यासी थोडे, आणि आपल्यासारखी माणसेच फार. कधी खोटे बोललेली, कधी चुकलेली, काही ना काही पोटात ठेवलेली. दाराशी आरोप येऊन उभा राहील तेव्हा आपल्यापैकी कोणाच्याही अंगावर भगवे वस्त्र नसेल. त्या दिवशी शेजाऱ्याने आपल्याविषयी जेवढा धीर धरावा असे वाटते, तेवढा आज आपण त्याच्याविषयी धरावा.

तो मॉनिटर आज मोठा झाला आहे. वाक्वाच्या बाजारात कधी भेटतो, "नमस्ते, सर" म्हणतो. प्रत्येक वेळी आम्हांला तो लिफाफा आठवतो. त्यालाही आठवत असेल का, हे विचारण्याचे धैर्य अजून झालेले नाही.